कू, न्ये, छी

शाहूपुरीत गुळाच्या अडत्यावर दुसरा मजला.
जिन्यात गूळ, वर जायफळ,
मधल्या वळणावर दोन्ही वास एकमेकांना ओलांडतात.
तिथं आम्ही सातजणी, चार बाप्ये,
एक पार्लरवाला, एक फिजिओ शिकून बसलेला,
आणि मी, बाळंतिणींना तेल लावणाऱ्या गोदूबाईची पोर,
कानातली फुलं सोनाराकडं ठेवून आलेली.

"तेल चोळायला शिकायचं, त्याला अठरा हजार?"
दीर म्हणाला, "गेली म्हणायची फी तेल लावत."
तसं बघितलं तर खरंच.

बाई मुंडगोडहून आल्या, हुबळीच्या गाडीनं.
हिंदीत कानडी, कानडीत आणखी काहीतरी.
छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "मैं आमची."
आम्ही थांबलो.
आमची काय?
मागून कुणीतरी हळूच, "आमची कोण?"
मग कळलं, त्यांच्यात वैद्याला आमची म्हणतात.
पहिला अर्धा तास वर्ग नुसता हसत होता,
आणि त्याही, कारण न कळता, आमच्याबरोबर.

कू म्हणजे तेल.
न्ये म्हणजे चोळणं, मळणं, अंगठ्यानं विचारणं.
छी म्हणजे शेवटी सातूच्या पिठानं तेल उतरवणं.
रात्री आईला सांगितलं.
"पीठ लावून पुसायचं, त्यात छी कसली?
चाळीस वरसं हरभऱ्याच्या पिठानं उतरवतोय,
मी कधी नाक मुरडलं न्हाई."

माझे हात आधीच शिकलेले, हीच अडचण.
आमची मनगट धरून ठेवायच्या. धीरे.
मान वाकवल्यावर जो उंचवटा वर येतो, तो पहिला मणका.
तिथून खाली मोजायचं.
पहिल्यावर वारा.
सहाव्या-सातव्यावर जिवाचा वारा.
मी कधी मोजलं नव्हतं. आई मोजत नाही.
आई म्हणते, "हितं हिची सासू बसलीया,"
आणि नेमका अंगठा ठेवते.

परीक्षेला ज्याच्या वाट्याला जे अंग येईल ते.
मला भूपालअण्णा, कागलकडचे, एके काळचे पैलवान,
कान कुस्करलेले, पोट पुढं, पाठ मात्र अजून आखाड्यातली.
परक्या बाप्याच्या अंगाला हात लावायची पहिलीच वेळ.
आमचींनी पंचा नीट केला, माझ्याकडं बघितलं.
त्या बघण्यात एवढंच होतं: पाठ आहे.

"कुरवाळतीस काय? जोर लाव की!
तालमीत चार पोरं पायांनी तुडवायची आमाला."
मी बोलले नाही. जायफळ-शहाजिऱ्याची पुरचुंडी
कोमट तेलातनं काढली, मनगटाच्या आत टेकवून बघितली,
एकावर ठेवली. मोजत खाली.
चार. पाच.
सहाव्यावर अण्णा गप्प झाले.
मग भिंतीकडं तोंड करून,
"एकोणऐंशीला चीत झालो न्हवं,
तवा पयली टेकली ती हितंच."

पुढचा बिंदू मला आठवेना. वहीत होता.
खालून हमालाची हाक आली, ढेपेच्या वजनाची.
आमचींनी फक्त तळवा वर केला. थांब.
पुरचुंडी हातात गार होईपर्यंत मी थांबले.

शंभरात बासष्ट. नावं चुकली.
सर्टिफिकेटवर माझंही चुकलं,
अनुसयाची त्यांनी अनुष्का केली. असू दे.

घरी आले तर आई चटई टाकून पालथी.
"दाव काय शिकलीस ते."
तिच्या पाठीला, बहुतेक, आजवर कुणाचा हात नाही.
मी तेल कोमट केलं.
"गेली व्हय गावाला, आमची?"
"गेली. सकाळच्या गाडीनं."
"लुगड्याचं पीस तरी द्यायचंस."
तिसऱ्या मणक्यावर होते.
"आणि ऐक, ते छी नको.
तेल ऱ्हाऊ दे अंगात."
सहाव्यावर पोचले तेव्हा ती घोरत होती.