तळ्यात मळ्यात

अजमानपासून सहा मैलांवर
आमचा देश नांगरून पडला आहे.
लांबी चौऱ्याहत्तर मीटर, लोकसंख्या चार.
मालकाचं दिवाळं निघालं,
मग ज्यांचा झेंडा होता त्यांनीही कळवलं,
सदर जहाज आमचे नाही.
कुणाचंच नाही तर आपलं, दुर मोहम्मद म्हणाला.
मोफिजुलने पिठाची गोणी उसवून झेंडा शिवला.
गोणीवरचा उंट तसाच राहिला,
म्हणून आमचं राष्ट्रचिन्ह उंट.
भर समुद्रात.

मी ऑइलर. इंजिन थंड,
तेव्हा परराष्ट्र खातं माझ्याकडे आलं.
डिझेलच्या हिशेबाखाली वहीत लिहिलं:
आम्ही कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.
नांगरावरचं जहाज तसंही भरतीला एकीकडे तोंड करतं,
ओहोटीला दुसरीकडे.
किनाऱ्यावरून बघणाऱ्याला वाटावं, पक्ष बदलला.

एका रात्री डोक्यावरून काहीतरी पेटतं गेलं, वायव्येकडे.
रेडिओवर युद्धनौका विचारू लागली:
झेंडा कोणता? हेतू काय?
मी म्हटलं, तटस्थ.
पुन्हा सांगा.
म्हटलं, उंट.
हेतू?
पाणी. पिण्याचं.
त्यावर बराच वेळ नुसती खरखर.

दुर मोहम्मद ग्वादरचा, मी पालशेतचा.
आमच्या जुन्या देशांचं बिनसलं त्या आठवड्यात
आम्ही एकाच तांब्याने पाणी प्यायलो.
त्याला करार म्हणू नये,
दुसरं भांडं गळत होतं.
टेस्फाये भात शिजवायचा, वाढायचा,
कोणाला किती, यावर मात्र
दर रात्री चर्चा फिसकटायची.

दर्शनाला फोनवर हे सगळं सांगितलं.
ती म्हणाली, तुमच्या त्या देशात
पगार कधी होतो ते बघा आधी.

काल एजंटची बोट आली.
अकरा महिन्यांचा पगार सोडला असं लिहून द्या, घरी जा.
पण सगळे नाही. जहाज रिकामं ठेवता येत नाही,
कायदा आहे.
कोणाचा, ते त्याने सांगितलं नाही.
मोफिजुलचे पाय सुजले होते. तो उतरला.
शिडीवर थांबून म्हणाला, कागदावर देश विचारलाय,
काय लिहू?
आम्ही तिघेही गप्प.
अळीमिळी गुपचिळी.

परदेशी गेलेला आमचा पहिला माणूस.
पोचल्याचा निरोप अजून नाही.

आता ओहोटी लागली आहे.
अजमानचे दिवे डाव्या हाताला होते,
हळूहळू मागे सरकतायत.
पहाटेपर्यंत उजवीकडे येतील,
आम्ही काहीच ठरवलेलं नसताना.