कर्ता

फ्रीझरमध्ये वाटाण्याच्या पिशवीखाली
पाच उंदीर आहेत, डोळे मिटलेले,
प्रत्येकाची वेगळी पुडी, पुडीवर वजन.
कीरन तेलाच्या फलाटावर गेला, उत्तर समुद्रात.
जाताना म्हणाला, आई, डचेसला दहा दिवसांनी एक.
कोमट पाण्यात सोडायचा, मग हेअर ड्रायरनं
डोकं जरा जास्त तापवायचं,
चिमट्यात धरून हलवायचा. असा. असा.

म्हणजे मेलेल्याला जितेपणाचं सोंग द्यायचं.
दिलं.
नोव्हेंबर, डिसेंबर, अर्धा जानेवारी
मी, बासष्ट वर्षांची बाई, ग्रिम्स्बीच्या स्वयंपाकघरात
मेला उंदीर नाचवत होते,
आणि डचेस काचेमागं वेटोळ्यात,
जीभ एकदा बाहेर, एकदा आत,
जशी विहीण नावं न ठेवता नुसतं ताट सरकवते.

पीठ मोजायच्या काट्यावर
चौदाशे ग्रॅम. तेराशे दहा. बाराशे साठ.

फोनवर कीरन, त्याच्या मागं वारा:
"एखादा जिवंतच आण ना. हलताना दिसला की घेईल."
आणि तिच्या डाव्या डोळ्याखालचा तो व्रण?
बराच वेळ नुसता वाराच.
मग म्हणाला, सोळाचा होतो मी तेव्हा.
उंदीर आत टाकला आणि झोपायला गेलो.
सकाळी उंदीर ठणठणीत होता.

तरी गेले. क्लीथॉर्प्स रस्त्यावरच्या दुकानात
पोरानं आवाज खाली आणला,
"खायला घालण्यासाठी विकत नाही आम्ही.
पाळायला हवा असेल तर..."
"पाळायला," मी म्हटलं.
माझ्याकडं न बघता त्यानं पावती फाडली.
खोक्यावर छापलं होतं: माझं नवं घर.

गाडीत शेजारच्या सीटवर पुठ्ठा खरवडत होता तो.
खोक्याला मी पट्टा लावला होता. का, कोण जाणे.

एकतीस वर्षं गोदीवर कॉड चिरले मी.
त्यातला एकही माझ्या हातून मेला नाही.
बर्फातून यायचे, आधीच गप्प झालेले.
शाळेत ऑडलिंगबाई शिकवायच्या,
कर्त्यावाचूनही वाक्य होतं:
"मासे पकडले गेले."
त्यात कुणाचेच हात ओले होत नाहीत.
पुडीवरही तेच: वेदना न होता मारलेला.
कुणी?
कुठंतरी एक शेड असेल, एक नळी, वायू,
आणि माझ्याच वयाची कुणी,
चहाच्या सुट्टीत हात धुऊन बिस्किट बुडवणारी.

घरी झाकण उघडलं, तर हा तोंड धूत होता,
दोन्ही पंजांनी, कानामागूनसुद्धा,
पाहुण्यांकडं निघाल्यासारखा.
काचेत सोडायचा, दार ओढायचं, टीव्ही मोठा करायचा,
मग म्हणायचं, सापाची जातच ती.
हेही कर्त्यावाचूनचंच वाक्य की.

जिन्याखालच्या खणात बाबांचं दांडकं आहे,
वीतभर, शिंगाचं, आत शिसं ओतलेलं.
ईल माशांसाठी. त्याला ते पाद्री म्हणत,
शेवटची प्रार्थना तोच करतो म्हणून.
प्रार्थना एकदाच करायची, बाबा सांगायचे.
दोनदा करावी लागली तर तुला येत नाही ती.

फडक्यात धरला.
त्याचं काळीज माझ्या तळव्यात
शिवणयंत्रासारखं.

एकदाच.

मी मारला.
मी, प्रथमपुरुषी, एकवचनी.

ड्रायर लागला नाही, गरमच होता.
हलवावाही लागला नाही,
चिमट्यासकट हातच कापत होता माझा,
डचेसला तेवढं पुरलं.

"खाल्लं," एवढंच कीरनला कळवलं.
त्यानं अंगठा पाठवला.
दहा दिवसांनी काय, ते ठरलेलं नाही.
फ्रीझरमध्ये पाच आहेत.
खोकं दाराशीच आहे अजून,
कचऱ्याची गाडी दोनदा येऊन गेली.