तीन पोती मीठ

ह्या वर्षी समुद्र नाही, असं मी मे महिन्यातच सांगून टाकलं.
ब्लांकाने मान हलवली, आणि कपाटावरून अर्धी ओढलेली निळी सुटकेस
पुन्हा आत ढकलली.
गॅस महागला. भट्टी आठवड्यातून तीनच दिवस पेटते,
आणि तीन दिवसांच्या पगारात
क्रोएशियापर्यंतचं पेट्रोल बसतं,
परतीचं नाही.

पण मांसाचे काप तिने तळले ते तळलेच,
दरवर्षी निघायच्या आदल्या रात्री तळते तसे,
पावाच्या चुऱ्यात घोळवून, फॉइलमध्ये गुंडाळून,
जसं काही हजार किलोमीटर जायचंय.
गेलो पाच नंबरच्या ट्रॉलीबसने. सहा थांबे.
वेंदुलाच्या गळ्यात पोहायचा गॉगल.
काढून ठेव, असं कुणी म्हणालं नाही.

तिकिटाच्या खिडकीतली बाई : मुलगा पंधराच्या आतला ना?
क्रिश्तोफला मार्चमध्ये पंधरा पुरी झाली,
माझ्याहून चार बोटं उंच आहे.
मी हो म्हणालो.
शेजारी तो गुडघ्यांत हळूच वाकला,
आणि पहिलं वळण येईपर्यंत तसाच चालला, शहाणा.

आमचं प्राणिसंग्रहालय डोंगराच्या अंगावर आहे.
खाली शेळ्या, बदकं, एक उंट, ज्याने मी लहान असतानाही
माझ्याकडे बघून असंच तोंड वाकडं केलं होतं
(तोच असेल असं नाही).
वर खाली नदी, तिच्यावर कोळशाची बोट,
पलीकडे आमच्या कारखान्याची चिमणी,
आज धूर नाही.
क्रिश्तोफने बघितलं. मी उंटाबद्दल काहीतरी बोललो.

वाघापाशी सगळे वाघ बघत होते.
मी काच बघत होतो.
थरांची, जाड, चोख;
फक्त डाव्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा बुडबुडा.
आमच्याकडे असा पेला पास झाला नसता.
तेवढ्यात तो आला,
बरोबर त्या बुडबुड्याशी नाक टेकवून उभा राहिला,
आणि काच धुरकटली.
बावीस वर्षं मी काचेत श्वास फुंकतोय.
पलीकडून कुणी फुंकलं,
ते आज पहिल्यांदा.

सगळ्यात वर समुद्रसिंहाचा हौद.
तिथल्या बाकावर आम्ही फॉइल उघडलं.
रबरी बुटातली एक बाई मासळीची बादली घेऊन आली,
छातीवर नावाची पट्टी : दोब्रोमिला.
वेंदुलाने विचारलं, पाणी खारट आहे?
"आहे तर. दर सोमवारी तीन पोती ओतते मी."
हिने समुद्र बघितलाय?
"छे गं. जर्मनीत जन्मली. ट्रकमधून आली."
मग हिला कसं कळतं?
"काय कळतं?"
की हा तो नाही.

दोब्रोमिलाने एक मासा काढला, परत बादलीत टाकला.
मग दुसरा काढून जरा लांब फेकला,
लागत होता त्याहून बराच लांब,
आणि ते काळं, जड, चकचकीत अंग
पाण्यातून उठलं, हवेत वळलं,
आणि असं आपटलं
की आम्ही चौघंही नखशिखांत भिजलो,
पाव, काप, टिश्यूपेपर, सगळं.

क्रिश्तोफ हसला. महिनाभरात पहिल्यांदा असेल.
ब्लांकाने निथळता काप उचलला, चावला,
शांतपणे म्हणाली,
"मीठ टाकायला विसरलेच होते काल."

परतीच्या ट्रॉलीबसमध्ये वेंदुला माझ्या दंडावर झोपली.
डोळ्यांभोवती गॉगलचे दोन लाल वळ,
प्रत्येक ऑगस्टमध्ये असतात, तसेच.
कुणी बघत नाहीसं पाहून
मी मनगट जिभेला लावलं.
लागलं थोडं.
का भट्टीसमोरचा जुना घामच होता तो,
सांगता यायचं नाही.