तातीने बांधलेल्या वेली

रुक्सांदा तुटलेली तात फेकत नाही.
गुंडाळून कागदात घालते, वर गावाचं नाव लिहिते,
घरी आली की माझ्यापुढे ठेवते.
मी तिने वेली बांधतो.
सुतळी कुजते, तार सालीत रुतते;
ही धरून ठेवते आणि वाढूही देते.

पहिली ओळ अंताल्याची. तेव्हा ती सतरा वर्षांची.
पात्रता फेरीचे तीन सामने, बक्षीस बसच्या तिकिटापुरतं.
जेवायला आईने दिलेले अक्रोड.

दुसरी ओळ शिमकेंतची. तिथे मोल्दोवाचा झेंडा नव्हता,
म्हणून शेजाऱ्यांचा लावला. रंग तेच, मधला गरुड नाही.
तिने फोटो पाठवला, खाली लिहिलं:
गरुड जेवायला गेलाय.

पुढच्या गावांची नावं मला उच्चारता येत नाहीत.
तिचं तरी कुठे कुणाला येतं?
उंच खुर्चीवरचा पंच दरवेळी अडखळतो:
गुत्सू, गुटू, एकदा तर नुसतंच खोकला.

मला टेनिस कळत नाही.
छाटणी कळते. दोन डोळे राखायचे,
बाकीच्यांकडे बघायचंही नाही.
तिने शाळा छाटली. सांदूशी ठरलेलं लग्न छाटलं.
कोपरावर दोनदा सुरी फिरवून घेतली.
जगात एकशे त्र्याहत्तरावी, देशात पहिली.
देशात दुसरी नव्हतीच, हेही खरं.

मग ते मोठं मैदान, ते गवत.
गावच्या वाईन-कोठारात टीव्ही लावला,
ट्रॅक्टर रस्त्यात सोडून माणसं आली.
छप्पन्न मिनिटं. एक-सहा, दोन-सहा.
कोणी बोलेना.
शेवटी म्हातारी पाराशिवा म्हणाली,
"तीन गेम घेतले ना? आणि कोणाकडून!"
तेव्हा कुठे पेले भरले.

आता ती घरीच असते.
शाळेमागच्या डांबरावर नऊ पोरं, चार रॅकेट.
काल मळ्यात आली, ओळी मोजत हिंडली.
"ताता, त्या मोठ्या मैदानाची वेल कुठली?"
मी म्हणालो, त्या दिवशी तात तुटलीच नव्हती तुझी.
तेवढा वेळच कुठे मिळाला.

ती हसली. बऱ्याच वेळाने.
मग खिशातून एक तुकडा काढला,
कुठल्याशा पोराच्या रॅकेटचा, आजच तुटलेला,
आणि गुडघ्यावर बसून
कडेची मोकळी वेल बांधली.

गाठ चुकीची होती.
संध्याकाळी, ती आत गेल्यावर,
मी सोडून पुन्हा मारली.