कस

मार्मलेडच्या बरणीत माती घेऊन आले
गेथिन प्रॉसर, वय एक्याऐंशी,
लेबलवरचं संत्रं अर्धं खरवडलेलं.
"एवढीशी पुरेल ना? लीकच्या वाफ्यातली आहे.
नातीला गाजरं लावायचीत यंदा."

खिडकीबाहेर तावे नदी, पलीकडे हॅवोदचा उतार.
स्वान्झीत तांबं वितळायचं रात्रंदिवस
तेव्हा त्या टेकडीवर गवतही धरत नसे म्हणे.
आता सगळं हिरवं आहे.
हिरव्याचा मला भरवसा नाही,
तांब्यावर चढतो तो गंजही हिरवाच.

वाळवली, चाळली, अर्धा ग्रॅम तोलली,
आम्लराजात उकळायला ठेवली.
दोन तासांनी उरलं लिंबाच्या सरबताएवढं पिवळं पाणी
आणि तळाशी वाळू,
जिला काहीच कबूल करायचं नसतं.

आधी कोरा नमुना.
ज्यात माती नाही असं पात्र,
तेही बाकीच्यांसारखंच उकळलेलं.
शून्य मोजल्याशिवाय पुढचं मोजता येत नाही
आणि शून्यातही काहीतरी निघतंच,
मागे एकदा माझ्या हाताच्या क्रीममधलं जस्त निघालं होतं.
ते वजा करायचं.
स्वतःला वजा करून
मग दुसऱ्याच्या परसात शिरायचं.

शिशाला शिशाचाच दिवा लागतो.
पोकळ नळीत तोच धातू, त्याचाच उजेड,
दोनशे त्र्याऐंशी नॅनोमीटर, डोळ्याला न दिसणारा.
ज्योतीत लोखंड असतं, चुना असतो,
कोणी त्या उजेडाकडे वळूनही बघत नाही.
शिसं तेवढं ओळखतं, अडवतं, पिऊन टाकतं.
चोराच्या वाटा चोराला ठाऊक.
पलीकडे जितका उजेड कमी पोचला
तितकं शिसं.

सहाशे एकेचाळीस.
पुन्हा केलं. सहाशे अडतीस.
दोनशेच्या पुढे लाल शेरा मारायची आमची रीत.

फोनवर म्हणाले,
"आमच्या बाजूची धुराडी तर मी शाळेत असतानाच थंडावली."
वाफ्याशेजारी काही आहे का, मी विचारलं.
"शेड आहे. वडिलांची.
त्यांनी सफेद्याने रंगवलेली, रंग पक्का असतो म्हणून.
दर उन्हाळ्यात मी पोपडे खरवडून काढ..."
आणि तिथेच थांबले.
त्या शांततेतून वजा करण्यासारखं
माझ्याकडे काही नव्हतं.

जमिनीचा कस आणि सोन्याचा कस
आमच्या भाषेत एकच शब्द आहे,
हे त्यांना सांगावंसं वाटलं.
इंग्रजीत सांगायला गेले तर नुसता हवामानाचा विषय निघाला.

माझी आई तांब्याच्या भांड्यात ताक ठेवू देत नसे.
कल्हई उडालीय, कळकेल, म्हणायची.
दिवा नाही, आलेख नाही,
भांडं उन्हाकडे कलतं करून एकदा बघायची, झालं.
तिच्या आकड्यापुढे अधिक-उणे कधीच नसायचं.

गेल्या मंगळवारी प्रॉसर पुन्हा आले.
तीच बरणी, लेबल आता पूर्ण निघालेलं,
तीनदा धुतलीय, म्हणाले, गरम पाण्याने.
"ही घरापुढची माती. शेडपासून लांबची.
कुंड्यांत तरी चालेल का बघा.
तिला अजून काही बोललो नाही."

बरणी टेबलावर आहे.
दिवा तापायला वीस मिनिटं लागतात.