रस्त्याचं काम

ट्रक अर्धाच होता. नुसती केबिन,
इंजिन नाही, हौदा नाही,
खाली लाकडी फळ्या, फळ्यांखाली फुगवलेल्या ट्यूबा,
आणि दोन्ही बाजूंना बांबू धरून आम्ही चौघं:
तवनाप्पा, दस्तगीर, कोंडिबा वडर आणि मी.
कोल्हापुरात तेव्हा स्टुडिओत मिळेल ते काम धरायचं.
आम्हाला रस्त्याचं मिळालं.

केबिनची मागची फळी काढलेली.
तिथं पांढरा पडदा, पडद्यावर पुणे-बेंगलोर रोड,
जीपच्या मागं कॅमेरा बांधून आणलेला,
सगळा मिळून तीन मिनिटांचा.
तेवढ्यात हिरोनं वाटेवरच्या पोरीला लिफ्ट द्यायची,
तिनं घर का सोडलं ते सांगायचं,
त्यानं बिडी विझवायची,
आणि दोघांनी एकमेकांकडं न बघता हसायचं.
एक पोरगं दिव्यापुढनं लिंबाचा फाटा फिरवायचं,
झाडं गेली म्हणायची.

खड्डा कुठं, वळण कुठं, अंगाला पाठ झालेलं.
पूल आला की तवनाप्पा दात आवळून बांबू दाबायचा.
ती दचकून हिरोचा दंड धरायची. दर वेळी नव्यानं.
"आमचा दंड कोण धरतंय?" दस्तगीर पुटपुटायचा.

सतरा टेक झाले त्या दिवशी.
आठव्याला मला तो दिसला.
वाठारच्या अलीकडं, वडाखाली,
एका हातात पिशवी, दुसरा हात वर.
त्याला कुणी उभा केलेला नव्हता.
त्याला खरंच कुठंतरी जायचं होतं.
जीप पुढं निघून गेलेली. तो लहान लहान होत गेला,
हात वरच.

नवव्याला मी वाट बघितली. आला.
दहाव्याला तवनाप्पाला खुणावलं.
तो म्हणाला, "घेऊया का त्याला?"
आणि आम्ही दोघांनी बांबू सोडून दिले.
ट्रक थांबला.
रस्ता काही थांबला नाही.
मग ज्या शिव्या खाल्ल्या
त्या अजून घरात सांगितलेल्या नाहीत.

पिक्चर लागला, तीन आठवड्यांत उतरला.
तो होता त्यात, चार सेकंद, तिच्या कानामागं.
लोकांनी तिचे झुबे बघितले.

पुढं स्टुडिओत गवत माजलं. तवनाप्पा गेला.
कोंडिबानं इचलकरंजीला माग धरला.
मी, हजारभर मैल ट्रक हलवलेला माणूस,
निपाणीच्या पलीकडं कधी गेलो नाही.

गेल्या माघात शिरोली नाक्यावर जाऊन उभा राहिलो.
हात वर केला. खांद्यात कळ आली.
आठ-दहा गाड्या धूळ देऊन गेल्या,
मग गुळाचा एक ट्रक थांबला.
"कुठं, मामा?"
"वाठारच्या अलीकडं. वड हाय तिथं."
"वड?" पोरगा हसला. "चौपदरी झाला तवाच गेले की वड."
तरी घेतलं.

टोपच्या वळणाला मी आधीच कललो.
पुलावर धक्का यायच्या आत दात आवळले.
"डायवर होता काय पूर्वी?"
"न्हाई," म्हटलं, "रस्ता होतो."
त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं
आणि गिअर बदलला.

उतरताना वीस रुपये काढले, घेतले नाहीत.
उलट फुटक्या ढेपेचा एक खडा पिशवीत टाकला.
वड नव्हता. दुभाजकात कण्हेर होती,
आणि जिथं सावली असायची तिथं
पंक्चरवाल्याचं टायर, पांढऱ्या अक्षरांचं.

मी रस्ता ओलांडला.
कोल्हापूरच्या बाजूला तोंड केलं,
एका हातात पिशवी, दुसरा वर.
एका गाडीच्या काचेतनं कुणी पोरीनं
मोबाईल मागं वळवून धरलेला,
पळता रस्ता टिपत होती.
आलो असणार मी त्यात.
चार सेकंद तरी.