खांद्यापर्यंत पुदिनी

कुताइसीच्या जुन्या प्रसूतिगृहाचं हॉटेल होतंय.
तिबिलिसीहून आलेल्या तेओनानं रंगांचा पंखा उघडला,
एक पाकळी भिंतीला टेकवली. म्हणाली, हा.
पोपटी नव्हे, शेवाळी नव्हे.
दुधात पुदिन्याची पानं रात्रभर ठेवावीत
आणि सकाळी दुधानं ते जेमतेम कबूल करावं,
तसा.

ओतिया हसला. पंचाहत्तरीचा रंगारी,
हातात खरवडायची पट्टी.
एकदाच ओढली:
वरचा पांढरा गेला, त्याखालचा पिवळट गेला,
आणि त्याखाली तोच.

"चौऱ्याहत्तर साली मीच दिलेला.
निवडला वगैरे नव्हता. डेपोतून तीन पिंपं आली,
तिन्हींत हाच. शाळेला हाच, पोलीस चौकीला हाच,
उरला तो मेहुण्याच्या मधमाश्यांच्या पेट्यांना."

खाली पुदिनी तेलरंग, खांद्यापर्यंत. वर चुना.
मधे बोटभर तपकिरी रेघ,
ती मात्र सुतळी ताणून, श्वास धरून मारायची.
रेघ हलली की भिंत चालू लागते, तो म्हणतो,
आणि कळा देणाऱ्या बाईला
चालणारी भिंत कशाला?

तेओनाला रंगाचं सगळं ठाऊक.
शस्त्रक्रियेच्या खोलीतून पांढरा का हटला,
लाल पाहून दमलेल्या डोळ्याला पांढऱ्यावर
हिरवी भुतं कशी दिसत,
आणि कापडच हिरवं केलं की ती कशी विरून जातात.
त्याच्याही आधीचं:
युरोपातल्या देखण्या हिरव्या भिंतकागदांत सोमल असायचा,
ओल धरली की हवेत उतरायचा,
आणि निजायच्या खोल्यांना तोच कागद आवडायचा लोकांना.
मग तो आला फ्रिजवर, न्हाणीघराच्या फरश्यांवर,
आता आइस्क्रीमच्या दुकानांत, फोनच्या झाकणांवर.
"मन शांत करतो हा," ती म्हणाली.

ओतियानं पट्टी विजारीला पुसली.
"कुणाचं?"

त्या काळी बापांना आत सोडत नसत.
अंगणात उभं राहून खिडकीकडे ओरडायचं.
आपण रंगवलेल्या इमारतीबाहेर
ओतिया दोन रात्री उभा, खिशात अक्रोड,
फोडायचंही सुचेना.
लामारा आत, सातव्या खाटेवर,
भिंतीकडे तोंड करून.
तिसऱ्या दिवशी ती खिडकीत आली, मुलगा उंच धरला,
आणि काचेआडून ओरडली.
वजन नाही, नाक कुणावर गेलंय ते नाही.
"तुझ्या ब्रशचे केस गळतात, मेल्या!"

रंगात एक केस अडकून वाळला होता.
उशीच्या उंचीला.
कळ आली की ती तो नखानं चाचपायची.
बाकी भिंत गुळगुळीत,
एवढ्या शांत रंगात
धरायला दुसरं काही नव्हतंच.

घरी तिनं हा रंग कधी लावू दिला नाही.
पुदिना लावला, गळक्या बादलीत.
तो बादलीतून निसटला, पायरीखालून शेजाऱ्याकडे गेला,
त्यावरून भांडण झालं, मिटलं.
लामारा गेली त्याला सहा वर्षं झाली.
पुदिना कुणाच्या बापाला आवरत नाही.

आता सातवी खाट म्हणजे खोली क्रमांक दोनशे चार.
ओतिया गुडघ्यांवर. पट्टी बाजूला ठेवून
अंगठ्यानं भिंत वाचतोय, वीतभर, मग पुन्हा तीच वीत.
तेओनानं विचारलं नाही काय ते.
पंखा मिटला, फोनचा दिवा लावला.

"समोरून नको," तो म्हणाला. "तिरपा धर.
केस उजेडात दिसत नाही,
त्याची सावली दिसते."

ती भिंतीला गाल टेकवून बसली, दिवा जमिनीलगत.
पुदिनी रंगावर ब्रशचे जुने ओरखडे उठले,
पन्नास वर्षांपूर्वीचा एक हात, डावीकडून उजवीकडे.

दाराशी घासणीयंत्र घेऊन दोन पोरं आली.
तिनं त्यांना जेवायला पाठवलं.
"आत्ताच तर जेवलो," त्यातला एक म्हणाला.

"परत जेवा."